यॉर्कशायर टेरियर आपल्या कुटुंबाला मानवेल का? निर्णय घेण्यापूर्वी काय पाहावे

यॉर्कशायर टेरियर घ्यावा की नाही, ही घरातली चर्चा बहुधा एखाद्या छायाचित्रावरून सुरू होते. जमिनीपर्यंत रुळणारे रेशमी केस, कपाळावरच्या बटांना बांधलेली फीत आणि टपोरे काळे डोळे पाहून निम्म्या मंडळींचा निर्णय तेथेच झालेला असतो. त्या छायाचित्रात न दिसणाऱ्या दोन गोष्टी मात्र पुढची बारा-पंधरा वर्षे घराला पुरून उरतात. हा कुत्रा स्वभावाने पक्का टेरियर आहे, म्हणजे धीट, हट्टी, बोलका आणि पाठलागाला सदैव तयार. आणि हा स्वभाव ज्या देहात राहतो त्याचे वजन जेमतेम तीन किलो भरते. यॉर्की पाळणाऱ्यांच्या बहुतेक अडचणी या दोहोंच्या विजोडपणातून निर्माण होतात, म्हणून विचारही तेथूनच सुरू करावा.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्कॉटलंडमधील विणकर कामाच्या शोधात उत्तर इंग्लंडमधील कापड गिरण्यांकडे आले आणि येताना आपले छोटे टेरियरही घेऊन आले. गिरण्यांत आणि खाणींत उंदीर मारणे हे या कुत्र्यांचे काम होते. त्यांच्या संकरातून यॉर्कशायर परगण्यात ही जात आकाराला आली. १८६५ मध्ये जन्मलेला हडर्सफील्ड बेन हा नर जातीचा मूळपुरुष मानला जातो, आणि तो श्वानप्रदर्शनांत जितका गाजला तितकाच उंदीर मारण्याच्या स्पर्धांतही गाजला होता. पुढे या जातीला दिवाणखान्यात जागा मिळाली, आकार आणखी लहान होत गेला, पण उंदरामागे धावणारी वृत्ती गेली नाही. ज्या घरात हॅम्स्टर, ससा किंवा पिंजऱ्यातले पक्षी आहेत त्या घराने हे लक्षात घ्यावे. ज्या घरात मोठा कुत्रा आहे त्या घराने उलट बाजूने विचार करावा, कारण यॉर्की स्वतःहून दहापट वजनाच्या कुत्र्यावर भुंकत धावून जातो आणि मोठ्या कुत्र्याने केवळ खेळात मारलेला पंजाही त्याला गंभीर इजा करू शकतो.

घरातील सर्वांत बेसावध माणूस कोण?

हा निर्णय घरातील सर्वांत हौशी माणसाकडे पाहून घेतला जातो. माझ्या मते तो घरातील सर्वांत बेसावध माणसाकडे पाहून घ्यावा. मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत एकाचा निष्काळजीपणा दुसऱ्याच्या शिस्तीने भरून निघतो. यॉर्कीच्या बाबतीत तसे होत नाही. चौघांनी दिवसभर जपलेले जनावर पाचव्याने न बघता लोटलेल्या दारात सापडते. जातीच्या मानकानुसार वजनाची कमाल मर्यादा सुमारे ३.२ किलो आहे आणि खांद्यापर्यंतची उंची साधारण १८ ते २० सेंटीमीटर. घरोघरचे यॉर्की यापेक्षा थोडे थोराड निघतात आणि त्यात वावगे काही नाही, परंतु पुढच्या पायाची हाडे तरीही बारीकच राहतात. कडेवरून किंवा सोफ्यावरून पडल्यामुळे मनगटाच्या जरा वर हाड मोडणे ही अतिलहान जातींमध्ये पशुवैद्यांना नेहमी दिसणारी दुखापत आहे. त्या भागाला रक्तपुरवठा कमी असल्याने हाड सांधण्यास वेळ लागतो आणि अनेकदा शस्त्रक्रिया करून धातूची पट्टी बसवावी लागते.

लहान मुलांचा प्रश्न येथे येतो. यॉर्कीला मुले आवडत नाहीत, असा जो समज आहे तो अर्धवट आहे. त्याला अचानक उचललेले, दाबलेले, ओढलेले आवडत नाही, आणि दोन-चार वर्षांचे मूल प्रेमापोटी नेमके तेच करते. कुत्रा प्रथम मान वळवतो, मग ओठ चाटतो, मग गुरगुरतो. या खुणा मुलाला वाचता येत नाहीत आणि अखेरीस तो चावतो, किंवा सुटण्यासाठी उडी मारतो आणि पडतो. म्हणूनच अनेक जबाबदार ब्रीडर सहा-सात वर्षांखालील मुले असलेल्या घरात यॉर्कीचे पिल्लू देत नाहीत. वयाची रेघ काटेकोर नसते; सहा वर्षांचे शांत मूल दहा वर्षांच्या दांडग्या मुलापेक्षा चांगले सोबती ठरू शकते. पाहायचे ते एवढेच, की "त्याला उचलायचे नाही, तू खाली बस, तो येईल" ही सूचना मूल आज पाळू शकते का, आणि घरी मित्र आले असतानाही पाळू शकते का.

याची परीक्षा कुत्रा येण्यापूर्वीच घेता येते. एक आठवडाभर घरात कुत्रा आहे असे समजून वागावे. प्रत्येक दार उघडताना व लावताना पायाशी पाहावे, खुर्चीवरून उठण्याआधी आणि आरामखुर्ची मिटण्याआधी खाली नजर टाकावी, जमिनीवर बटणे, सुया, गोळ्या, चार्जरच्या वायरी राहू देऊ नयेत, बाहेरचे दार उघडे सोडू नये, आणि पर्स किंवा दप्तर खाली ठेवू नये. शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण पर्समधल्या साखरविरहित च्युइंग गममध्ये पुष्कळदा झायलिटॉल असते आणि त्याच्या एका-दोन तुकड्यांनीही इतक्या लहान कुत्र्याच्या रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा आणि माणसांची वेदनाशामक औषधे यांचेही तसेच आहे. ती कोणत्याही कुत्र्याला घातकच, परंतु तीन किलोच्या देहाला फार थोडी मात्रा पुरते. आठवड्याच्या शेवटी कोण किती वेळा विसरले ते एकमेकांना प्रामाणिकपणे सांगावे. विसरणारी व्यक्ती दोन वर्षांची असेल तर ती सुधारेपर्यंत थांबता येते. ती बेचाळीस वर्षांची असेल तर जास्त गंभीरपणे विचार करावा.

वेळ, सोबत आणि आवाज

व्यायामाची गरज ही या जातीतील सोयीची बाजू आहे. रोज साधारण अर्धा तास चालणे आणि घरात थोडा खेळ एवढ्यावर निरोगी यॉर्की समाधानी राहतो, त्यामुळे लहान सदनिकेत राहणाऱ्यांना किंवा फार चालणे न झेपणाऱ्या ज्येष्ठांना तो मानवतो. मात्र त्याला चालवूच नये, सदैव कडेवर किंवा पिशवीत ठेवावे, हा निष्कर्ष चुकीचा आहे. ज्या टेरियरच्या डोक्याला काम मिळत नाही तो स्वतःसाठी काम शोधतो, आणि ते बहुधा खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर भुंकण्याचे असते. दारावरची घंटा, जिन्यातील पावले, शेजाऱ्याच्या किल्ल्यांचा आवाज यांवर तो भुंकणारच. योग्य शिकवणुकीने भुंकणे आवरते, नाहीसे होत नाही. भिंती पातळ असतील, घरात तान्हे मूल झोपत असेल किंवा कोणी रात्रपाळी करून दिवसा झोपत असेल, तर या मुद्द्याला पुरेसे वजन द्यावे.

सोबतीची गरज व्यायामापेक्षा मोठी आहे. यॉर्की एका-दोन माणसांना घट्ट धरून राहतो आणि रोज आठ-नऊ तास एकटा राहणे त्याला सोसत नाही. ओरडणे, दार ओरबाडणे, घरात घाण करणे ही त्याची लक्षणे असतात. घरातील सर्व प्रौढ दिवसभर बाहेर असतील आणि मधल्या वेळी येणारे कोणी नसेल, तर या कुटुंबासाठी उत्तर सध्या तरी नकारार्थी आहे. पिल्लाच्या बाबतीत तर वेळेचा हिशेब आणखी कडक असतो. तीन महिन्यांच्या पिल्लाने जागेपणी दोन-तीन तासांपेक्षा अधिक वेळ लघवी रोखून धरावी, अशी अपेक्षा धरू नये. दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे खाणेही द्यावे लागते, कारण लहान यॉर्कीची साखर उपाशीपोटी झपाट्याने उतरते. पिल्लू थरथरू लागले, झोकांड्या खाऊ लागले किंवा मलूल होऊन पडले, तर हिरड्यांना साखरेचे पाणी किंवा मध चोळून तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे लागते. हे ओळखणारे माणूस पहिले काही आठवडे घरात असायला हवे.

लघवी-शौचाची शिस्त लागण्यास या जातीत वेळ लागतो, ही तक्रार खरी आहे, परंतु तिचा दोष पूर्णपणे कुत्र्याचा नाही. मूत्राशय लहान असते, ओल्या आणि थंड जमिनीचा त्याला तिटकारा असतो, आणि खुर्चीमागचे वाटीभरही नसलेले थारोळे मालकाच्या लक्षात येत नाही, त्यामुळे चुकीची सवय मुरते. गुरगुरण्याबाबतही तेच. मोठा कुत्रा पाहुण्यावर गुरगुरला असता तर ज्यांनी त्याच दिवशी प्रशिक्षक शोधला असता तीच माणसे तीन किलोच्या गुरगुरण्यावर हसतात आणि त्याला उचलून कुरवाळतात. त्यातून कुत्रा जे शिकायचे ते शिकतो. ज्या कुटुंबाला लहान कुत्रा हवा आहे तो शिकवण्याचे कष्ट वाचावेत म्हणून, त्या कुटुंबाने टेरियर वर्गातला कोणताही कुत्रा घेऊ नये.

केस आणि ॲलर्जी

यॉर्कीच्या अंगावर आतला मऊ थर नसतो. माणसाच्या केसांसारखा एकेरी, सतत वाढणारा रेशमी केस असतो. म्हणून तो सोफ्यावर फारसा गळत नाही आणि म्हणूनच अंगावर गुंतत जातो. लांब केस ठेवायचे असतील तर रोज विंचरणे अटळ आहे. कानांमागे, काखेत आणि मागील पायांच्या आतल्या बाजूस गाठी झाल्या की त्या कातडी ओढू लागतात आणि मग कापण्यावाचून उपाय राहत नाही. बहुतेक कुटुंबांनी केस आखूड ठेवावेत, हेच व्यवहार्य आहे. तरीही दर चार ते सहा आठवड्यांनी कात्री लावावी लागते आणि मधल्या दिवसांत ब्रश फिरवावा लागतो, डोळ्यांपुढचे केस दूर ठेवावे लागतात. ग्रूमरचा खर्च कुत्र्याच्या आयुष्यभराचा आहे हे धरून चालावे. हाच एकेरी केस थंडीत पुरेसे संरक्षण देत नाही, त्यामुळे थंड हवेत अंगात काहीतरी घालावे लागते.

केस कमी गळतात म्हणून यॉर्की ॲलर्जी असलेल्यांना चालतो, हे विधान जाहिरातींत सर्रास आढळते. ॲलर्जी उत्पन्न करणारी प्रथिने कुत्र्याच्या लाळेत, कातडीच्या कोंड्यात आणि मूत्रात असतात; ती कोणत्याही जातीत शून्य नसतात आणि एकाच जातीतील दोन कुत्र्यांमध्येही त्यांचे प्रमाण वेगवेगळे असते. घरात कोणाला दमा किंवा ॲलर्जी असेल तर त्या व्यक्तीने एकाहून अधिक वेळा, प्रत्येक वेळी काही तास, प्रौढ यॉर्की असलेल्या बंद खोलीत राहून पाहावे आणि डॉक्टरांशी बोलावे. रंगाबद्दल एकच गोष्ट सांगतो: पिल्ले काळी आणि तपकिरी जन्मतात, पोलादी निळा व सोनेरी रंग हळूहळू उतरतो आणि त्याला दोन-तीन वर्षेही लागतात, तेव्हा रंग पाहून पिल्लू निवडण्यात अर्थ नाही.

आजार आणि त्यांचा खर्च

या जातीत दात हा आयुष्यभराचा विषय आहे. प्रौढ कुत्र्याला ४२ दात असतात, मग जबडा केवढाही असो. यॉर्कीच्या अरुंद जबड्यात ते दाटीवाटीने येतात, त्यांत अन्न अडकते आणि हिरड्यांचा रोग तरुणपणीच सुरू होतो. दुधाचे दात, विशेषतः सुळे, पुष्कळदा आपोआप पडत नाहीत. सहा-सात महिन्यांचे होईपर्यंत ते पडले नाहीत तर भूल देऊन काढावे लागतात, आणि ते काम अनेक पशुवैद्य नसबंदीच्या वेळीच उरकतात. त्यानंतर कुत्र्यांसाठीच्या पेस्टने रोज दात घासणे आणि ठरावीक अंतराने भूल देऊन दात स्वच्छ करून घेणे हे चालूच राहते. घरात हे रोजचे काम कोण करणार याचे उत्तर नसेल, तर उतारवयात या कुत्र्याचे निम्मे दात गेलेले असण्याची शक्यता बरीच आहे.

गुडघ्याची वाटी सरकणे हा दुसरा नेहमीचा दोष आहे. चालता चालता मागचा एक पाय क्षणभर उचलून कुत्रा उडी घेतल्यासारखा पुढे जातो आणि पुन्हा नीट चालतो, हे त्याचे लक्षण. सौम्य दोषावर वजन आटोक्यात ठेवणे पुरते, तीव्र दोषावर शस्त्रक्रिया करावी लागते. तिसरा दोष श्वासनलिकेचा: तिची कूर्चेची कडी कमकुवत होऊन ती चपटी होते आणि कुत्रा हंसाच्या ओरडण्यासारखा कोरडा खोकला काढतो. यासाठी गळ्याच्या पट्ट्याला दोरी लावू नये, छातीवरून जाणारा हार्नेस वापरावा आणि कुत्र्याजवळ धूम्रपान करू नये. यकृताला वळसा घालून रक्त वाहून नेणारी जन्मजात वाहिनी हा दोष यॉर्कशायर टेरियरमध्ये इतर अनेक जातींपेक्षा अधिक आढळतो. अशी पिल्ले वाढीत मागे पडतात, खाल्ल्यानंतर गुंगल्यासारखी होतात, काहींना झटके येतात. साध्या रक्तचाचणीने, म्हणजे खाण्यापूर्वी आणि खाल्ल्यानंतर पित्ताम्ले मोजून, तिचा सुगावा लागतो. स्वादुपिंडाची सूज, आतड्यांतून प्रथिने झिरपण्याचा विकार आणि वाढीच्या वयात, म्हणजे पिल्लूपणी होणारा खुब्याच्या सांध्याचा झिजता रोग हेही या जातीत माहीत असलेले आजार आहेत. एकाच कुत्र्याला हे सारे होते असे मुळीच नाही. अनेक यॉर्की किरकोळ तक्रारींवर म्हातारे होतात. परंतु "लहान कुत्रा, लहान खर्च" हा हिशेब फक्त खाद्यापुरता खरा आहे.

खाद्याचाही एक कौटुंबिक पेच असतोच. तीन किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला ढोबळमानाने २०० ते २५० कॅलरी लागतात, आणि चीजच्या २० ग्रॅमच्या तुकड्यात सुमारे ८० कॅलरी असतात. पाच माणसांनी प्रत्येकी "एवढुसेच" दिले की कुत्रा जेवणाकडे पाठ फिरवतो, नखरेल म्हणून त्याची ख्याती होते, वजन गुडघ्यांवर आणि श्वासनलिकेवर येते, आणि तेलकट घासामुळे स्वादुपिंड बिघडण्याचा धोका वाढतो. ताटातले काही द्यायचे नाही हा नियम आजी-आजोबांसह सर्वांना मान्य आहे का, हे आधीच विचारून घ्यावे. मोठ्या घरांत यावरच जास्त खटके उडतात.

पिल्लू की प्रौढ, आणि कोणाकडून

येथवर उत्तर होकारार्थी आले असेल, तर शाळकरी मुलांच्या घराला मी पिल्लाऐवजी दोन ते चार वर्षांचा प्रौढ यॉर्की सुचवीन. त्याचे वजन, गुडघे, दात आणि मुख्य म्हणजे मुलांविषयीची सहनशीलता हे सारे डोळ्यांसमोर असते. पिल्लाच्या बाबतीत हे अंदाजच असतात. मालक वारल्यामुळे, स्थलांतरामुळे किंवा घरात बाळ आल्यामुळे असे कुत्रे नव्या घराच्या शोधात असतात, आणि प्राणी पुनर्वसन करणाऱ्या संस्था व चांगले ब्रीडर यांच्याकडे त्यांची माहिती मिळते. तो मुलांबरोबर राहिलेला आहे का, एकटा किती वेळ राहतो आणि आधीच्या घराने त्याला का सोडले, हे तीन प्रश्न विचारावेत.

पिल्लूच घ्यायचे असेल तर ते दहा-बारा आठवड्यांचे होईपर्यंत आईजवळ राहू देणाऱ्या ब्रीडरकडून घ्यावे. आई प्रत्यक्ष पाहावी, तिच्या स्वभावाकडे लक्ष द्यावे, आई-वडिलांच्या गुडघ्यांची व डोळ्यांची तपासणी आणि पित्ताम्लांची चाचणी झाली आहे का ते कागदावर पाहावे. घर दाखवण्यास नकार देऊन वाटेत कोठेतरी पिल्लू हाती देऊ पाहणाऱ्याशी व्यवहार करू नये. "टीकप" या नावाने विकल्या जाणाऱ्या पिल्लांबाबत माझे मत स्पष्ट आहे: ती घेऊ नयेत. यॉर्कशायर टेरियरमध्ये असा कोणताही मान्यताप्राप्त प्रकार नाही. प्रौढपणी किलो-दीड किलोचा राहणारा कुत्रा हा अशक्त किंवा मुद्दाम खुजा ठेवलेला असतो. टाळू न भरणे, साखर वारंवार उतरणे, भुलेचा वाढीव धोका आणि हाडांचा ठिसूळपणा हे त्या नावामागचे वास्तव आहे. कधी कधी तर वय वाढवून सांगितलेले कोवळे पिल्लूच "टीकप" म्हणून खपवले जाते. कुटुंबात वावरायचे असेल तर वेतातले मोठे, दणकट पिल्लू निवडावे. प्रदर्शनासाठी ते कदाचित बाद ठरेल, पण घरासाठी तेच योग्य.

उत्तर नकारार्थी आले आणि लहान, फारसे केस न गाळणारे, धीट कुत्रेच मनात असेल, तर साधारण पाच ते आठ किलोंचा मिनिएचर श्नाउझर मुलांच्या घरात पडझड अधिक सोसतो. केस गळण्याची हरकत नसेल तर बॉर्डर टेरियरही त्याच तोडीचा. मूल अद्याप लहान आहे एवढीच अडचण असेल तर तीन-चार वर्षे थांबणे हाही पुरेसा चांगला निर्णय आहे.

घ्यायचे ठरल्यावर ब्रीडरशी किंवा संस्थेशी लेखी करार करावा आणि त्यात एक अट अवश्य घालून घ्यावी: आपल्या पशुवैद्याच्या तपासणीत गंभीर दोष आढळल्यास किंवा कुत्रा घराशी जुळवून घेऊ न शकल्यास तो परत घेतला जाईल. ती तपासणी घरी आणल्यापासून दोन-तीन दिवसांतच उरकावी. हृदयाचे ठोके, गुडघे, डोळे, टाळू, दात, आणि नर असल्यास दोन्ही वृषणे खाली उतरली आहेत का, एवढे त्या भेटीत पाहून होते. जो विक्रेता ही अट मान्य करत नाही, त्याच्याकडचे पिल्लू कितीही आवडले असले तरी तेथून ते घेऊ नये.